जोडीवाले चाचा

खामगावच्या ऑर्केस्ट्रात कितीतरी वर्षं द्वंद्वगीत एकच माणूस म्हणायचा. नायकाच्या ओळी उजवीकडच्या माइकवर, नायिकेच्या ओळी डावीकडच्या. मधल्या वाजवण्यात तो थोडा बाजूला सरकायचा. तेवढ्यात त्याच्या गळ्यात काय बदलायचं कोण जाणे, पण डावीकडच्या माइकवर बाई उभी असायची. दिसायला माणूस तोच. उंच, हडकुळा, जाड मिशांचा. मिशांखालून मात्र असा कोवळा, निवांत आवाज यायचा की पुढच्या रांगेतल्या लोकांना आपण नेमकं काय पाहतोय ते समजायला वेळ लागायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि दुसऱ्या कडव्याला हसायचं विसरून जायच्या.

त्यांचं नाव गफ्फार. ते नाव फक्त घरात आणि मशिदीत चालायचं. बाकी सगळ्या गावाला ते 'जोडीवाले'. मी वयाने लहान, म्हणून माझे जोडीवाले चाचा.

धाडच्या बाजाराचा किस्सा आमचे पेटीमास्तर रंगवून सांगायचे. पेटीमास्तर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, पेटीही वाजवायचे आणि सगळ्यांना रागावायचेही. धाडला बाजाराच्या दिवशी कार्यक्रम होता. गाणं संपलं आणि गावातले दोन दांडगे गडी थेट स्टेजवर चढले. त्यांचं म्हणणं, यांनी मागच्या पडद्याआड बाई लपवली आहे, ती गाते आणि हा नुसते ओठ हलवतो. पडदा वर केला तर मागे जीपचा ड्रायव्हर चहा पीत बसलेला. तो घाबरून म्हणाला, "मी नाई गाऊन राह्यलो बाप्पा!" सगळं पटांगण हसलं. चाचांनी त्या दोघांना खाली जाऊच दिलं नाही. आपल्या दोन्ही बाजूंना उभं केलं आणि तेच गाणं पुन्हा म्हणून दाखवलं. पेटीमास्तर सांगायचे, "त्यातला एक गडी शेवटी रडत होता बे!"

बाईच्या आवाजात गाणाऱ्यांना त्या काळी लोक ओढणी घ्यायला लावत, मुरका मारायला लावत. शिट्ट्या पडत, बक्षिसं येत. चाचांनी ते कधी केलं नाही. पांढरा शर्ट, काळी पँट आणि सरळ उभं राहणं. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "पदर घेतला की सोंग होते. आपून गानं गाऊन राह्यलो, सोंग नाई करून राह्यलो." हे ते चिडून म्हणत नसत. समोरच्याची चूक असेल असं त्यांना कधी वाटायचंच नाही, त्याला माहीत नसेल एवढंच वाटायचं.

पोटासाठी मात्र त्यांना कापसातच राहावं लागलं. दिवाळीनंतर सिझन सुरू झाला की ते जिनिंगमध्ये कामाला, आणि उरलेलं वर्ष कापूस पिंजायचं धनुकलं, म्हणजे पिंजण, खांद्यावर टाकून गल्लोगल्ली गाद्या भरायचं काम. दोन्हीकडे हवेत कापूसच कापूस. म्हणून ते नाकातोंडावर ओलं फडकं बांधायचे, घट्ट, डोळ्यांच्या खालपर्यंत. जिनमधले लोक त्यांची टिंगल करत. दिवसभर बोलायचेही नाहीत. काही हवं असेल तर हाताने खूण. "दिवसा बोलून खर्च केलं तं संध्याकाळी काय गाऊ?" हा त्यांचा हिशेब. तंबाखू नाही, विडी नाही, सुपारी नाही. खामगावच्या उन्हाळ्यात, डांबर पायाला चिकटतं तेव्हासुद्धा, त्यांनी बर्फाचा गोळा कधी खाल्ला नाही. "गला म्हंजे अमानत आहे, बेटी. ज्यानं देल्ला त्याले वापस करा लागते. खराब करून कसा देऊ?"

आमच्या घरी ते आले ते ताईच्या लग्नाच्या गाद्या भरायला. माझे बाबा भाजीबाजारातले अडते. बाजाराच्या मागेच आमचं घर, अंगणात लिंबाचं झाड. त्या झाडाखाली चाचा पिंजत बसले होते आणि मी आत मटाराच्या शेंगा सोलत गात होते. कुणी ऐकतंय हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पिंजणाच्या तातीचा टणत्कार थांबला तरी मी गातच होते. गाणं संपवून बाहेर पाहिलं तर तोंडावरचं फडकं खाली ओढून चाचा दारात उभे. भर दिवसा ते बोलत होते.

"भाऊ, हे कोन गाते?"

"आमची निमा," बाबा म्हणाले. "धाकटी. काऊन?"

"तिले ऑर्केस्ट्रात पाठवता काय?"

बाबांनी गाद्या भरून घेतल्या, चहा पाजला आणि त्यांना वाटेला लावलं. पण चाचा पुन्हा आले. मग पुन्हा. दर वेळी ओसरीच्या कडेला बसायचे, कामाची नसलेली एखादी उशी मागून घेऊन तिचा कापूस मोकळा करत राहायचे. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "जोडीवाले, घरची पोट्टी स्टेजवर उभी राहिली तं लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन खामगावात गानारी आहे. आज काय म्हनते? खामगावात बाईचं गानं मिशीवाला गाते."

"अन् तुमचं काय मंग? तुमची जोडी फुटली ना!"

चाचांनी हातातली उशी खाली ठेवली. मी दाराआडून पाहत होते. मला वाटलं, हे त्यांनी आधी मनाशी बोलून पाहिलेलं असणार, कारण ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "फुटू द्या, भाऊ. गानारी सापडत नव्हती म्हनून मी उभा राह्यलो होतो तिच्या जागेवर. आता सापडली."

मला न्यायला आणि दारात आणून सोडायला ते स्वतः येतील, या अटीवर बाबा राजी झाले. ती अट चाचांनी शेवटपर्यंत पाळली. परगावच्या कार्यक्रमावरून परतताना जलंबहून खामगावला येणारी गाडी चुकली तर माझ्यासोबत पायी चालायचे, माझ्या पुढे थोडं अंतर ठेवून, मान खाली घालून.

शिकवायचे ते शाळेच्या एका रिकाम्या वर्गात, रविवारी सकाळी. त्यांना स्वरांची नावं येत नव्हती. "इथं पाय टाकू नको, ओलं आहे," असं म्हणायचे, आणि मला कळायचं की इथे हलकं लावायचं. "शेवटचा शब्द खाऊ नको, तो ऐकनाऱ्याचा आहे." मी माइकला घाबरायचे, तेव्हा म्हणाले, "त्याले दात नाईत बेटी, जवळ जाय." एकदा मी लाडात येऊन त्यांच्यासारखी हुबेहूब एक ओळ म्हणून दाखवली, त्यांच्या बाईच्या आवाजातली. मला वाटलं खूश होतील. ते गंभीर झाले. "माह्यासारखं गाऊ नको. मी बाईसारखा गातो. तू बाई आहे. नकलेची नक्कल कायले करते?"

माझा पहिला कार्यक्रम खामगावातच झाला, शरदोत्सवात. मी डावीकडच्या माइकवर, चाचा उजवीकडच्या. माझी ओळ सुरू झाली की त्यांचे ओठ आपोआप हलायचे. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते ओठ मिटून घ्यायचे. गर्दीतून कुणी ओरडलं, "जोडीवाले, दोनी तुमीच गा!" चाचांनी हात जोडले आणि मग माझ्याकडे बोट केलं. पुढच्या वर्षीही कुणीतरी तसं ओरडलं. त्यानंतर कुणी ओरडलं नाही. लोकांना माझी सवय झाली.

आणि मग जे होणार होतं ते झालं. चाचांचा बाप्याचा आवाज साधाच होता. बरा, सुरेल, पण साधा. दोन आवाजांतली ती ये-जा हीच त्यांची जादू होती, आणि आता ती ये-जाच उरली नव्हती. नांदुऱ्याचा एक तरणा पोरगा आला, त्याचा आवाज खर्जात घुमायचा. पेटीमास्तरांनी त्याला माझ्यासोबत उभं केलं. चाचांकडे निवेदन आलं. निवेदनात ते अडखळत, कारण बोलायची त्यांना सवयच नव्हती. मग निवेदनही गेलं. नंतर कार्यक्रमाआधी माइक तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहून ते "हॅलो, हॅलो" म्हणायचे, तेही उजवीकडच्या माइकवर आधी, मग डावीकडच्या. मी एकदा विचारलं, "चाचा, तुम्हाले वाईट नाई वाटत?" म्हणाले, "वाईट कायचं? तू पुढं गेली न." आणि वायर गुंडाळत राहिले.

एका रविवारी वर्गात आम्ही दोघंच होतो. मी हट्ट धरला की मला ते जुनं द्वंद्वगीत ऐकवा, दोन्ही आवाजांत, जसं धाडला म्हटलं होतं तसं. ते नको नको म्हणाले आणि मग उभे राहिले. नायकाची ओळ झाली. थोडे सरकले, डोळे मिटले, तोंड उघडलं. आवाज आला तो फाटका, घोगरा, मधेच किरटा होणारा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदाही केला. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "वापरलं नाई न. बंद पडलं." त्यानंतर त्यांनी मला काही म्हणून दाखवलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

माझं लग्न झालं, मी घाट चढून बुलढाण्याला गेले. घरात कुणी गाऊ नको म्हटलं नाही, पण गा असंही कुणी म्हटलं नाही. खामगावात डीजे आला. लग्नं, गणपती, उत्सव, सगळं त्याच्याकडे गेलं. पेटीमास्तर वारले आणि ऑर्केस्ट्राचं सामान भंगारात गेलं. चाचांची खबर अधूनमधून माहेरी कळायची. एकदा कळलं की त्यांचा घसा बसलाय. पुढच्या वेळी कळलं, बसलेला घसा उठलाच नाही. अकोल्याला दाखवलं, मग नागपूर. स्वरयंत्रच काढावं लागलं. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्याला गळ्याचा कॅन्सर. डॉक्टरांना कुणी कारण विचारलं असेल तर ते मला कळलं नाही, आणि कारण कळून काय करायचं होतं?

मागच्या वर्षी खामगावातल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं की गावच्या गाण्याबजावण्याचा एक मोठा सोहळा करायचा. जुने ऑर्केस्ट्रे, कव्वालीवाले, बँजो पार्ट्या, बँडवाले, ज्यांनी ज्यांनी या गावाला नाचवलं-रडवलं त्या सगळ्यांची आठवण. समितीचा एक उत्साही तरुण मला फोन करायचा, जुन्या रेकॉर्डिंगा विचारायचा. चाचांचं एकही रेकॉर्डिंग मिळेना. एका मंडपवाल्याच्या माळ्यावर एक कॅसेट सापडली, पण ती लावली तर टेपची फीत यंत्रात गुंतली आणि तुटली. "काही हरकत नाही मॅडम," तो म्हणाला, "आपण त्यांचा सत्कार करू. स्वतः ते आहेत ना!"

मी सोहळ्याच्या दुपारी चाचांच्या घरी गेले. गळ्याभोवती पांढरा रुमाल, त्याखाली श्वासाचं भोक. बोलताना फक्त ओठ हलायचे आणि रुमाल आतबाहेर व्हायचा. त्यांचे ओठ चाची वाचायच्या. चाची रोहिणखेडच्या, ठेंगण्या, कामसू. त्यांच्याशी माझी तोपर्यंत फारशी ओळख नव्हती. चाचा ओठ हलवत गेले आणि चाची सांगत गेल्या, "म्हन्ते, तू आज मोकळी गाय. म्हन्ते, बुलढान्याच्या थंडीनं गला नाई न बसला?" पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीवर लावला होता. चाचा खूश होते. मला आजही तेच सगळ्यात जास्त टोचतं, की ते खूश होते.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. निवेदक बाहेरगावाहून बोलावलेला, गोड गळ्याचा, छान कपड्यांतला. त्याच्या हातात नावांचा कागद होता, पण नावांपलीकडे त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. आणि मग त्याने माइक चाचांच्या हातात दिला. "ज्यांनी या नगरीला दोन आवाज दिले, त्यांच्याकडून आता दोन ओळी ऐकायच्या की नाही?" मैदान ओरडलं, "हाव!"

मी विंगेत होते. चाचा माइक परत देतील असं मला वाटलं. त्यांनी दिला नाही. कितीतरी वर्षांनी त्यांच्या समोर माणसं बसली होती आणि हातात माइक होता. त्यांनी तो तोंडाजवळ नेला. ओठ हलले. काहीच ऐकू आलं नाही. मागून कुणी ओरडलं, "आवाज वाढवा!" आणि साउंडवाल्याला वाटलं माइकच बिघडलाय, त्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग सगळ्या मैदानावर, त्या मोठमोठ्या भोंग्यांतून, गळ्याच्या भोकातून आत-बाहेर होणारा वारा ऐकू येऊ लागला. फस्स. फस्स. पुढे बसलेली काही पोरं हसली. कुणाची तरी आई त्यांना गप्प करत होती. चाचांचे ओठ अजून हलतच होते. मला ओळ कळत होती. मी धावले, पण माझ्या आधी निवेदकाने अलगद माइक काढून घेतला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाला, "रसिकहो, चाचांच्या भावना अनावर झाल्या आहेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या जोरदार झाल्या.

पुढचं गाणं माझंच होतं. ट्रॅक सुरू झाला होता, मी गायले. कसं गायले ते आठवत नाही. लोक चांगलं झालं म्हणाले. संपल्यावर पाहिलं तर पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी होती. समितीचा तो तरुण दुसऱ्या दिवशी मला भेटून रडला. "आम्हाले माहीत असतं तं..." म्हणाला. आजारपण साऱ्या गल्लीला माहीत होतं, मलाही. निवेदकाला सांगायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटलं.

त्याच दिवशी मी चाचांकडे गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. चाची म्हणाल्या, "झोपले." पण पाठीवरून कळत होतं की ते जागे आहेत. मी थोडा वेळ बसले आणि एसटीने परत गेले. नंतर दोनदा गेले तेव्हाही तसंच. लोकांत जाणं त्यांनी बंद केलं. नमाजलाही घरातच बसत. चाची ओठ वाचायला समोर बसत, आणि ते ओठच हलवत नसत.

जिनिंगचा सिझन सुरू व्हायच्या सुमारास ते गेले. मला कळलं तोवर दफन झालं होतं. मी पोचले तेव्हा घरात पाहुण्या बायका होत्या, त्या हळूहळू उठून गेल्या. चाची आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग त्यांनीच विचारलं.

"निमाबाई, ते कसे गात होते?"

मला प्रश्न नीट कळला नाही. "फार चांगले," मी म्हणाले.

"ते तं सारेच म्हन्ते. मी कधी आयकलं नाई न, म्हनून इचारलं."

"कधीच नाही?"

"सासरे कडक होते. घरात गानं चालत नव्हतं, अन् बाईमानसानं प्रोग्रामले जाचा सवालच नव्हता. घरी आले की ते चूप. गला सांभाळत. सासरे गेल्यावर मी म्हनलं, आता तं म्हना एखादं, मले. म्हने, हाव, म्हनतो की. आज म्हनतो, उद्या म्हनतो. मंग हे बिमारी आली." त्या माझ्याकडे वळून बसल्या. "तुमी तं त्यायच्याजवळ शिकल्या. थोडंसं म्हनून दाखवा. ते म्हनत तसं."

मी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सुरुवात केली. नायकाची ओळ मला त्या जाडीत जमली नाही. मग मी ती सोडली आणि त्यांच्या बाईच्या आवाजातली ओळ लावली. त्यांनी मला मना केली होती तशी, हुबेहूब. निदान मी तसं समजत होते. चाची मान कलती करून, डोळे मिटून ऐकत होत्या. ओळ संपली तरी त्या तशाच होत्या. मी पुन्हा म्हटली.

मग त्यांनी डोळे उघडले.

"हा तं तुमचा आवाज झाला, बाई," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.